'वर्क' म्हणायचे नाही

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "व्हिसाचे गमतीदार अनुभव लिहा, पेंडसेबाई. हलकंफुलकं." मी हो म्हणून बसले, आणि तेव्हापासून तीन आठवडे माझा जीव थाऱ्यावर नाही. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण कागद पुढे ओढला की मन धावतं एकाच फायलीकडे, आणि ती फाईल हलकी नाही आणि फुलकी तर मुळीच नाही.

मी स्वस्थ बसणारी बाई नाही, हे आधीच सांगते. ऑफिस बंद करून सहा वर्षं झाली. तरी सोसायटीत कोणी परदेशी निघालं की मी "बॅग भरली का?" असं विचारत नाही. "विमानतळावरच्या खिडकीत काय सांगणार?" असं विचारते. त्यांचं विमान उतरायची वेळ झाली की मी फोन हातात घेऊन गॅलरीत फेऱ्या मारते. आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "विमान पायलट उतरवतो. तू बस."

माझं ऑफिस कोथरूडला, पहिल्या मजल्यावर. दोन खोल्या, एक झेरॉक्स मशीन आणि भिंतीपलीकडे दहावीच्या गणिताचा क्लास. दिवसभर पलीकडून समीकरणं ऐकू यायची आणि अलीकडे मी अर्ज भरायची. लोकांना वाटायचं मी व्हिसा देते. "बाई, आमचा द्या ना लवकर," म्हणायचे. अहो, व्हिसा देतात वकिलातीतले लोक. मी नुसते अर्ज भरते, कागद लावते, आणि माणसाला खिडकीत उभं राहायला शिकवते. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे.

सुरुवातीला गिऱ्हाईक सरळ होतं. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आया, आणि कंपनीनं पाठवलेले इंजिनियर. त्यांच्याजवळ कंपनीचं पत्र, पगाराची पावती, रजा मंजूर झाल्याचा कागद. फाईल आपोआप उभी राहायची. मग हळूहळू फ्रीलान्सर यायला लागले, म्हणजे कोणाच्या नोकरीत नसलेले, घरी बसून परदेशातल्या गिऱ्हाइकाचं काम करणारे. पहिल्याला मी विचारलं, ऑफिस कुठे आहे आपलं? त्यानं खांद्यावरची लॅपटॉपची बॅग दाखवली. अर्जात मालकाचं नाव लिहायचा चौकोन असतो, तिथं काय लिहायचं? रजेचं पत्र कोणाकडून आणायचं? एका पठ्ठ्यानं स्वतःच स्वतःला रजेचा अर्ज लिहिला, खाली स्वतःच मंजूर केला, दोन सह्या केल्या आणि वर मला विचारलं, शिक्का पण लागेल का?

आता या धंद्यातला एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला भेटायला आपण बिझनेस व्हिसावर जातो. त्यावर बोलता येतं, मीटिंग करता येते, प्रदर्शन बघता येतं, करारावर सही करता येते. पण तिथं बसून काम करता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, आणि तो मिळेपर्यंत माणसाचे केस पिकतात. थोडक्यात, बोलायला जा, करायला जाऊ नका. देशोदेशी बारकावे वेगळे, पण गाभा हाच. आणि कागद कितीही चोख असले तरी विमानतळावरच्या खिडकीत बसलेल्या माणसाला तुम्ही काम करायला आलात अशी शंका आली, तर तो तिथूनच परत पाठवू शकतो. व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. दार उघडणारा वेगळा.

आणि इथंच आपली मराठी आडवी येते. आपल्याला सगळ्याला एकच शब्द. बँकेत जायचं तरी काम, लग्नाची पत्रिका द्यायची तरी काम. "माझं तुमच्याकडे एक काम होतं." "काय काम काढलंत आज?" "जरा कामात आहे." आता हाच माणूस विमानतळावर उभा राहतो. पलीकडचा विचारतो, कशासाठी आलात? हा मनात म्हणतो, थोडं काम आहे. आणि तोंडानं म्हणतो, "सम वर्क इज देअर, सर." झालं! बिचारा नुसता चहा पिऊन गप्पा मारायला आलेला असतो, आणि कबुलीजबाब देऊन मोकळा होतो.

असे दोघं जण खिडकीत अडकून कसेबसे सुटले, तेव्हा मी ऑफिसात पाटी लावली. 'येथे "वर्क" म्हणायचे नाही. काम असल्यास काम म्हणावे.' आणि तालीम सुरू केली. मी टेबलामागे अधिकारी होऊन बसायची, चष्मा नाकावर उतरवायची, आणि समोरच्यानं उभं राहून उत्तरं द्यायची. तोंडातून 'वर्क' निघालं की मी लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. ह्यांनी एकदा दारातून बघितलं आणि विचारलं, "तू त्यांची एजंट आहेस की त्यांची सासू?" पण पट्टीचा गुण यायचा. माझ्या तालमीतून गेलेला माणूस अडकत नाही, असं कोथरूडात बोललं जायचं. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू.

तालमीत एकेक नमुने यायचे. एक वास्तुतज्ज्ञ होते. परदेशातल्या एका गृहस्थांचं स्वयंपाकघर कुठल्या दिशेला हवं ते सांगायला निघाले होते. मी इंग्रजीत विचारलं, येण्याचं प्रयोजन? ते गंभीरपणे म्हणाले, एका सद्गृहस्थांची दिशा सुधारायची आहे. शिवाय अर्ज देण्याचा मुहूर्त त्यांनी काढून आणला होता. मी म्हटलं, अपॉइंटमेंट सव्वानऊची मिळाली आहे, राहूला म्हणावं जरा बाहेर बाकावर बस. ते रागावले, पण सव्वानऊला गेले.

आणि हिंजवडीचे तात्या. त्यांची मुलगी घरी बसून परदेशी जाहिरातींचे व्हिडिओ जोडायची, आणि तिला गिऱ्हाइकानं भेटायला बोलावलं होतं. मुलगी अर्ज देऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच आले. पांढरी टोपी, पायात कोरी वहाण. जमिनीवर आता काचेच्या इमारती उभ्या, पण चार गुंठे ठेवले होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, मग हळूच म्हणाले, "बाई, अर्ज जरा कच्चा ऱ्हाऊ द्या. पोरगी लई हुशार हाय, म्हनूनच भ्या वाटतंय. परत न्हाई आली तर?"

मी त्यांना म्हटलं, तात्या, तुम्हाला जी भीती आहे तीच त्या सरकारला आहे. हे सगळे कागद त्याचसाठी असतात. पाहुणा परत जाणार का, त्याचं मागे घर आहे का, माणसं आहेत का, एवढंच त्यांना बघायचं असतं. तात्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्या दिवशी सात-बारा घेऊन आले. चार गुंठ्यांचा. मी त्याचं भाषांतर करून फायलीत लावलं. मुलगी आठ दिवसांनी परत आली, आणि तात्या त्या चार गुंठ्यातले इंद्रायणी तांदूळ घेऊन जिना चढून आले.

हे असं लिहीत राहिले तर संपादक खूश होतील. पण आता ती फाईल.

नासिर तांबोळी हे नाव मी त्यांना विचारून लिहिते आहे. घराणं पुण्यातलं, कितीतरी पिढ्यांचं. हे डाय-मोल्डचे ड्राफ्ट्समन, म्हणजे प्लास्टिकची वस्तू ज्या लोखंडी साच्यात ओतून तयार होते त्या साच्याची ड्रॉइंग काढणारे. वीस वर्षं एका कारखान्यात होते. तो विभाग बंद झाला तेव्हा चाळिशी उलटलेली, आणि त्या वयात कोण नोकरी देतो? मग घरच्या माडीवर एक टेबल टाकून स्वतःचं सुरू केलं. युरोपातला एक म्हातारा कारखानदार त्यांना मिळाला. देशाचं नाव लिहीत नाही, धंद्यातली जुनी सवय. बाटल्यांची बुचं बनवायचा तो. चार वर्षं तांबोळी त्याच्या बुचांच्या साच्यांची ड्रॉइंग इथून पाठवत होते, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

आता त्या म्हाताऱ्याला नवीन यंत्रं घ्यायची होती आणि तीन वर्षांचं सगळं डिझाइन एका माणसाला द्यायचं होतं. तांबोळींना द्यायचं त्याच्या मनात होतं. पण तो म्हणाला, एवढं मोठं सोपवायचं तर मला माणूस समोर बसलेला पाहायचा आहे. मंगळवारी सकाळी मीटिंग. त्या म्हाताऱ्याच्या मुलाला दुसराच कोणी हवा होता, म्हणून तारीख पुढे जाणार नव्हती. तांबोळी माझ्यासमोर बसून शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे मिळालं तर मला पुन्हा कुणाच्या दारात उभं राहायला लागणार नाही." एवढंच. फार बोलणारा माणूस नव्हे तो. शर्टाच्या खिशाला पेनाऐवजी व्हर्निअर लावलेला, जाडी मोजायचं स्टीलचं माप असतं ना, ते.

फाईल मी जीव ओतून केली. आमंत्रणपत्र दोनदा बदलून घेतलं. व्हिसा आला. उरली तालीम.

तांबोळींची जीभ जड होती, म्हणजे इंग्रजी येत होतं, पण विचार करून एकेक शब्द ठेवायचे. आणि प्रत्येक वाक्यात काम. साहजिकच आहे, त्या माणसाच्या आयुष्यात दुसरं होतं काय? मी विचारलं, कशासाठी आलात? "फॉर वर्क, सर." पट्टी. किती दिवस? "टिल वर्क इज ओव्हर." पट्टी. त्या दिवशी मी घाईत होते. बाहेर तिघं ताटकळलेले, फोन वाजतोय, पलीकडे क्लासमध्ये पोरं एका सुरात सूत्र म्हणतायत. मी पट्टी जोरातच आपटत होते. पंधरा-वीस वेळा झाल्यावर तांबोळी पट्टीकडे बघूनच बोलायला लागले, आणि शेवटी मी काही विचारायच्या आत म्हणाले, "नो वर्क, सर. ओन्ली मीटिंग."

मी म्हटलं, शाब्बास! अगदी हेच.

ते उठले, फाईल काखेत घेतली, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "मॅडम, समजा त्यानं विचारलं, तुमचं काम काय? मी काय करतो म्हणून. तर मग?"

मी फोन कानाला लावलेला. म्हटलं, "तसं नाही हो विचारत. मीटिंग म्हणायचं, बास."

सोमवारी दुपारी मी जेवायला बसले होते. त्यांचं विमान तिकडे सकाळी उतरलेलं. त्यांच्या बायकोचा, रेहानाभाभींचा, फोन आला. यांचा एकच निरोप आलाय, म्हणाल्या, 'थांबवलं आहे.' पुढे फोन लागत नाही. त्यांचा आवाज अगदी हळू होता, कोणी ऐकेल अशी भीती असल्यासारखा. मी म्हटलं, होतं असं कधीकधी, दोन प्रश्न जास्त विचारतात. ताट तसंच ठेवलं आणि उठले.

ती दुपार मला अजून सोसत नाही. मी त्या म्हाताऱ्याला फोन लावला. त्याचं इंग्रजी त्याच्या तऱ्हेचं, माझं माझ्या तऱ्हेचं. तो म्हणाला, विमानतळावरून मलाही विचारलं, हा तुमचा नोकर का? मी नाही म्हणालो, कारण नाहीच. मग मला विचारलं, हा माणूस तर म्हणतो त्याला काही कामच नाही, मग तुम्ही त्याला बोलावलंत कशाला? म्हातारा मला विचारत होता, मॅडम, तो असं का म्हणाला?

मला कळलं. त्याच क्षणी कळलं.

मग मी काय काय केलं, कशाचा कशाला मेळ नाही. जिना चार वेळा उतरले आणि चढले. एका बाईंच्या अर्जात आडनावाच्या जागी 'तांबोळी' लिहून बसले, त्या बिचाऱ्या जोशी. वकिलातीचा नंबर फिरवला, तिथं मशीन बोलत होतं. ओळखीच्या ट्रॅव्हलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, बाई, खिडकीतलं आपल्या हातात नसतं, तुम्हाला मी काय सांगणार? दर दहा मिनिटांनी रेहानाभाभींना फोन करायची आणि त्यांनी उचलला की मला सांगायला काही नसायचं. त्याच मला धीर द्यायच्या. पाच वाजता निरोप आला. संध्याकाळच्या विमानानं परत पाठवत आहेत.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे मीटिंगच्या मंगळवारीच, दुपारी तांबोळी मुंबईहून बसनं उतरले ते बॅगेसकट थेट माझ्या ऑफिसात आले. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. पासपोर्ट टेबलावर ठेवला. त्यात एका शिक्क्यावर काट मारलेली, म्हणजे प्रवेश नाकारलेला. मी पाणी दिलं, ते प्यायले आणि जे झालं ते एका सुरात सांगितलं.

कशासाठी आलात, असं विचारल्यावर ते नीट म्हणाले, मीटिंग. अधिकारी तरुण होता, चांगला वागत होता. कागद बघितले, हसला आणि सहज विचारलं, "अँड व्हॉट इज युअर वर्क, सर?" तांबोळींनी तो एक शब्द ऐकला. "मला तुमची पट्टी ऐकू आली मॅडम," ते म्हणाले, "आणि तोंडातून निघून गेलं, नो वर्क, सर." त्यानं पुन्हा विचारलं, तुम्ही काम करत नाही? नो वर्क, सर, ओन्ली मीटिंग. मग घरी पैसे कोण देतं? मग हा कारखानदार तुम्हाला का बोलावतो? मग आतल्या खोलीत नेलं. तिथं दुसऱ्या अधिकाऱ्याला त्यांनी सगळं समजावून सांगायचा प्रयत्न केला, की मी पंचवीस वर्षं काम करतो आहे. तो म्हणाला, पण माझ्या सहकाऱ्याला तर तुम्ही काम नाही म्हणालात. बॅग उघडली. ड्रॉइंग निघाली, व्हर्निअर निघाला. काम नाही, तर हे हत्यार कशाला?

आमच्या धंद्यात जबाब बदलणं हे सगळ्यात वाईट. खोटा कागद एक वेळ चुकीनं लागला म्हणता येईल. दोन खिडक्यांत दोन उत्तरं दिली की तुम्ही संपलात. आणि त्या अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते, खऱ्या टेबलामागे, तर मीही तेच केलं असतं.

ज्या माणसाच्या बोटांना शिशाचे डाग पडलेत, त्याला मी त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी 'मला काम नाही' म्हणायला लावलं. हे मी तेव्हा त्यांना म्हणाले नाही. म्हणाले, बघू, मार्ग काढू.

मार्ग म्हणजे नवा अर्ज. आणि प्रत्येक देशाच्या प्रत्येक अर्जात एक प्रश्न असतो: आपल्याला पूर्वी कधी प्रवेश नाकारला आहे का? आता आयुष्यभर तिथं 'होय'. आणि 'होय' म्हटलं की खुलाशाचं पत्र लागतं, का नाकारला ते. ते पत्र मी टाइप केलं. खरं लिहायचं तर लिहायला हवं होतं की माझ्या एजंटानं माझ्याकडून चुकीचं पाठ करून घेतलं. ते लिहिलं असतं तर, पढवून पाठवलेला माणूस, म्हणून आणखी संशय आला असता, हे खरं आहे. पण मी ते त्यासाठी टाळलं नाही. मी ते टाळलं, कारण खाली माझ्या ऑफिसचं नाव होतं, आणि माझ्या तालमीतून गेलेला माणूस अडकत नाही असं कोथरूडात बोललं जायचं. मी लिहिलं, अर्जदाराचं इंग्रजी मर्यादित असल्यामुळे त्याला प्रश्न समजला नाही.

तांबोळींनी पत्र वाचलं. पुन्हा वरून वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग टेबलावरचं माझं पेन घेतलं आणि सही केली.

म्हाताऱ्यानं दोन आठवडे वाट पाहिली. मग ते तीन वर्षांचं डिझाइन मुलानं निवडलेल्या माणसाकडे गेलं. तांबोळींकडे अधूनमधून एखादं बूच यायचं, तेही पुढे बंद झालं. अकरा महिन्यांनी व्हिसा मिळाला. मी धावत फोन केला. ते म्हणाले, "राहू द्या मॅडम. आता खरंच तिकडे काम नाही."

पुढे त्यांनी कात्रजकडे एका छोट्या कारखान्यात नोकरी धरली. म्हणजे शेवटी उभं राहिलेच कुणाच्या तरी दारात. मी ती पाटी दुसऱ्याच आठवड्यात उतरवली. पट्टी टेबलाच्या खणात टाकली. तालीम चालू ठेवली, पण वेगळी. पहिला प्रश्न मी हाच विचारायची, तुमचं काम काय? आणि समोरच्याला मनसोक्त बोलू द्यायची. मला आश्चर्य वाटायचं, लोकांना आपलं काम काय ते सांगायला केवढं आवडतं. हे मी पहिल्या दिवसापासून केलं असतं तर. पण ते जाऊ दे.

हा मजकूर लिहून झाला आणि मला राहवेना. नाव घालायला त्यांनी हो म्हटलं होतं, पण छापायच्या आधी सगळा मजकूर त्यांना दाखवायला हवा. गेल्या रविवारी फोन केला, तर दोन तासांत स्कूटरवरून घरी आले. केस पांढरे झालेत, खिशाला व्हर्निअर मात्र तसाच. ह्यांनी चहा केला. मी सगळं वाचून दाखवलं, वर 'पण ते जाऊ दे' लिहिलंय तिथपर्यंत. वाचताना मी दोनदा उठले, पाणी प्यायले, पुन्हा बसले. पत्राच्या भागाशी आले तेव्हा मान वर करायची हिंमत झाली नाही. वाचून झाल्यावर म्हटलं, "नासिरभाई, चूक माझी होती. तुमच्या इंग्रजीची नव्हती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

ते कपातल्या चहाकडे बघत होते. म्हणाले, "मला तेव्हाच माहीत होतं."

"मग सही का केलीत?"

तांबोळींनी कप बशीत ठेवला. "माझं तर गेलंच होतं, मॅडम," ते म्हणाले. "तुम्हाला पुढे काम करायचं होतं ना."